इतर हक्क

लोइस हर्ट्झलरबाईंच्या शेतात सतरा घरं आहेत.
दिसत नाहीत.
दिसतो तो मका, कापणीला आलेला,
ओढ्याकाठची सिकमोरची रांग,
आणि गोठा, ज्यात आता गाई नाहीत,
एक ट्रॅक्टर आणि एक खोकणारं मांजर.

पण काउंटीच्या नियमानं
अडुसष्ट एकरांवर, चार एकरांना एक,
सतरा घरं उभी राहू शकतात.
या ‘शकतात’ला पेनसिल्व्हेनियात बाजारभाव आहे.
तो विकायचा कसा, हे समजावायला
नकाशाची गुंडाळी काखेत मारून
मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते.

म्हटलं, जमीन तुमचीच.
नांगरा, पेरा, विका, गहाण टाका.
द्यायचं ते फक्त बांधणं.
ते इथून उठेल आणि स्टेशनजवळ जाऊन बसेल.
तिथे बिल्डरला तीन मजल्यांची परवानगी,
तुमचे हक्क घेतले तर पाच.
त्याला मजले, तुम्हाला पैसे, मक्याला मका.
“आणि तुम्हाला?” त्यांनी विचारलं.
मला पगार, मी म्हणाले.
तेव्हा कुठे कॉफी आली.

आमच्या दप्तरी भाषेत
ही पाठवणारी जमीन, ती घेणारी.
मनातल्या मनात मराठीत म्हणायला गेले
तर पाठवणीच झाली:
मुलीकडचे, मुलाकडचे, मध्ये याद्या करणारी मी.

माझ्या मामाची तळेगावची जमीन एन.ए. झाली
तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते.
बिनशेती!
जसा मुलगा डॉक्टर झाला.
आणि इथे मी एका बाईला
शेती शेतीच राहण्याचे पैसे मिळवून देत होते,
पेढ्यांशिवाय.

“कायमची म्हणजे किती?”
तुमच्यानंतर. पुतण्यानंतर.
मी ज्या ऑफिसातून आले, त्या ऑफिसानंतरही.
सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो,
एकदा त्यात काही चढलं की
जमीन कुठेही गेली तरी ते मागोमाग जातं.
हे मला इंग्रजीत सांगता येईना.
म्हटलं, दस्तावर लिहिलं जातं.
त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.
बाहेर त्यांचा पुतण्या एर्विन
बेलरची साखळी काढत होता.
त्याला ओढ्याकाठी घर हवं होतं,
हे मला मागाहून कळलं.

मार्चमध्ये सुनावणी.
मिल स्ट्रीटची माणसं आली, कोटांवर हिरवे बिल्ले:
शेतं वाचवा.
विरोध कशाला, तर पाच मजल्यांना.
सावली पडेल, पार्किंग जाईल,
कोण कोण राहायला येईल.
म्हटलं, शेतं वाचणार ती या दोन मजल्यांवरच.
एक गृहस्थ म्हणाले,
वाचवा ना, पण दुसरीकडे.
दुसरीकडे म्हणजे कुठे, ते नकाशावर दाखवायला
मी त्यांना लाल पेन दिलं.
ते पेन घेऊन जागेवर जाऊन बसले.
परत केलं नाही.

पाच विरुद्ध चार.

सोळा हक्क गेले.
सतरावा हर्ट्झलरबाईंनी ठेवून घेतला.
कोणासाठी, ते मी विचारलं नाही.
फॉर्मात तशी ओळ नव्हती.

परवा त्यांना इमारत दाखवायला नेलं.
रस्ता ओलांडून, मान वर करून,
“यातली माझी कुठली?”
वरचे दोन मजले. आठ आणि आठ.
त्यांनी बोटानं मोजली,
मोजताना ओठ हलत होते,
संध्याकाळी आत येणाऱ्या गाई मोजाव्यात तसे.
चौथ्यावर कोणीतरी कठड्यावर चादर वाळत घातली होती.
नियमात बसत नाही ते. मी काही बोलले नाही.

“तिथून माझं शेत दिसतं?”
नाही. मध्ये टेकडी येते.

“बरंय,” म्हणाल्या.
मग घाई करू लागल्या.
बेलरची सुतळी घ्यायची होती
आणि दुकान सहाला बंद होतं.